वादळाआधीची बेगमी : किनाऱ्यावरच्या घरांचे मागणीपत्र

प्रति,
मा. जिल्हाधिकारी तथा अध्यक्ष,
जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण, रायगड,
मु. अलिबाग

विषय : चक्रीवादळाच्या दोन्ही हंगामांपूर्वी किनारपट्टीवरील प्रत्येक घराची तयारी पूर्ण व्हावी, यासाठी शासनाने करावयाच्या उपाययोजनांबाबत.

महोदय / महोदया,

श्रीवर्धन तालुक्याच्या किनाऱ्यावरील बागायतदार, मच्छीमार, मजूर, छोटे दुकानदार आणि घर चालवणाऱ्या बायका यांच्या संघटनेच्या वतीने आम्ही हे मागणीपत्र सादर करीत आहोत. गावोगावच्या बैठकांत त्यातील प्रत्येक मुद्द्यावर चर्चा झाली आहे. आपण तो त्याच गांभीर्याने वाचावा, ही विनंती.

कोकणातल्या घराला पावसाळ्याची तयारी शिकवावी लागत नाही. मे महिना लागला की आगोटीची गडबड सुरू होते. सोडे, बोंबील, जवळा डब्यांत भरला जातो, मसाला कुटून होतो, लाकूडफाटा पडवीत रचला जातो. कौले चाळून घर शाकारले जाते आणि मातीच्या भिंतींना झापांचा आडोसा बांधला जातो. ही सारी बेगमी पाण्यासाठी आहे. वाऱ्यासाठी आमच्या घरांनी कधी बेगमी केली नव्हती, कारण तशी वेळ क्वचितच येत असे.

३ जून २०२० रोजी ती वेळ आली. निसर्ग चक्रीवादळ दुपारी अलिबागच्या दक्षिणेला, श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात किनाऱ्यावर धडकले. ताशी १०० किलोमीटरहून अधिक वेगाच्या वाऱ्याने छपरे उचलली, सुपारीच्या वाड्या झोपवल्या, विजेचे खांब पिळवटून टाकले. मृग तोंडावर आला होता आणि बहुतेक घरांची आगोट भरून झाली होती. त्या भरल्या घरांवरचेच छप्पर गेले. वर्षाचे धान्य, मसाले, अंथरुणे, मुलांची पुस्तके, सातबारा आणि बँकेची पासबुके काही तासांत भिजून गेली. करोनाच्या टाळेबंदीमुळे मुंबईतला मुलगा गावी येऊ शकत नव्हता आणि गावातला गवंडी शेजारच्या गावात जाऊ शकत नव्हता. त्यामागोमाग पावसाळा सुरू झाला आणि अनेक कुटुंबांनी तो ताडपत्रीखाली काढला.

हा एकच प्रसंग असता तर आम्ही तो नशिबाच्या खाती टाकला असता. पण ११ नोव्हेंबर २००९ रोजी फयान वादळ याच किनाऱ्यावर आले होते. २०१९ या एका वर्षात अरबी समुद्रात पाच चक्रीवादळे झाली. त्यांपैकी क्यारच्या वेळच्या पावसाने ऑक्टोबरच्या अखेरीस कोकणातले कापणीला आलेले भात लोळवले. मे २०२१ मध्ये तौक्ते सिंधुदुर्गापासून पालघरपर्यंतचा किनारा घासत गुजरातेत गेले. जून २०२३ मध्ये बिपरजॉय जखाऊजवळ धडकण्याआधी कित्येक दिवस समुद्रात फिरत होते आणि तेवढे दिवस आमचा जीव टांगणीला लागला होता. अरबी समुद्र तापत आहे आणि त्यातील वादळांचा जोर वाढत आहे, असे हवामानशास्त्रज्ञ सांगत आहेत. यापुढच्या प्रत्येक पिढीला वादळासह राहावे लागणार, हे धरूनच आम्ही बोलत आहोत.

दर वर्षी वर्तमानपत्रांत आणि मोबाईलवर सूचना येतात : सुरक्षित स्थळी जा, कागदपत्रे जपून ठेवा, पाणी साठवा, मोबाईल चार्ज करून ठेवा. सूचना योग्य आहेत आणि आम्ही त्या पाळू. पण त्यांतली प्रत्येक सूचना अमलात आणायला घराबाहेरची एक व्यवस्था लागते. सुरक्षित स्थळी जायला गावात तशी जागा हवी. मोबाईल चार्ज असून भागत नाही, मनोराही चालू हवा. पाणी साठवायला नळाला पाणी हवे. घराची तयारी ही घराने आणि शासनाने मिळून करायची गोष्ट आहे. आमच्या सगळ्या मागण्या या एका म्हणण्यातून निघाल्या आहेत.

मागणी १ : छप्पर बांधण्यासाठी वादळाआधी मदत द्यावी

वादळात आमचे सर्वांत मोठे नुकसान छपराचे होते आणि तेच टाळणे सर्वांत स्वस्त आहे. छप्पर कसे जाते ते आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. आधी पडवीची पुढे आलेली कड फडफडू लागते. वारा तिच्याखाली शिरून वर रेटा देतो आणि त्याच वेळी छपरावरून वेगाने जाणारा वारा पत्रा वर ओढतो. खारी हवा खाऊन गंजलेला हूक सुटतो, किंवा हूक टिकतो आणि वायसरभोवतीचा पत्राच फाटतो. एक पत्रा गेला की वारा घरात शिरतो, आतून दाब येतो आणि उरलेले पत्रे रांगेने उखडतात. कौलारू घरात पाखेच्या कडेची आणि आढ्यावरची कौले आधी जातात. मग वासे उघडे पडतात आणि भिंती भिजून बसतात.

यावर उपाय माहीत आहेत. कडेच्या आणि आढ्याजवळच्या ओळींत हूक दुप्पट घालणे, गंज न धरणारे हूक व रुंद वायसर वापरणे, वासा भिंतीला व खांबाला लोखंडी पट्टीने जखडणे, पडवीचे छप्पर मुख्य छपरापासून वेगळे ठेवणे, म्हणजे पडवी गेली तरी घर राहते. बुटक्या घरांची चक्रीवादळाला तोंड देण्याची ताकद वाढवण्यासाठी भारतीय मानक ब्युरोने २००४ सालीच आयएस १५४९८ हे मानक प्रसिद्ध केले आहे. आमच्या गावातल्या सुताराच्या हातात ते अजून पडलेले नाही.

पैशाचा मार्गही आहे. पंधराव्या वित्त आयोगाने राज्यांच्या आपत्ती निधीतील २० टक्के वाटा सौम्यीकरणासाठी, म्हणजे आपत्ती येण्याआधीच्या कामांसाठी, वेगळा काढण्याची शिफारस केली आणि केंद्राने ती स्वीकारली. दुसरीकडे, २०२२ ते २०२६ या काळासाठीच्या निकषांनुसार अंशतः पडझड झालेल्या पक्क्या घराला ६,५०० रुपये आणि कच्च्या घराला ४,००० रुपये अशी मदत ठरली होती, तेही नुकसान किमान १५ टक्के असेल तर. वादळानंतर एवढ्या पैशांत छप्पर परत उभे राहत नाही. वादळाआधी तेवढाच पैसा हूक, पट्ट्या आणि सुताराच्या मजुरीवर खर्च झाला, तर पुष्कळ छपरे जागची हलणार नाहीत.

म्हणून : (क) समुद्रकिनारी व खाडीकाठच्या गावांतील पत्र्याच्या व कौलारू घरांची यादी ग्रामपंचायतनिहाय करावी. (ख) विधवा, वृद्ध, दिव्यांग व भूमिहीन कुटुंबांपासून सुरुवात करून सौम्यीकरण निधीतून छपराचे साहित्य व मजुरी द्यावी. (ग) तालुक्यातील सुतार-गवंड्यांना औद्योगिक प्रशिक्षण संस्थेमार्फत वर नमूद मानकानुसार मराठीतून प्रशिक्षण द्यावे. (घ) शासकीय घरकुल योजनांच्या आराखड्यात ही जखडणी सक्तीची करून त्यासाठीचा खर्च अनुदानात धरावा. (ङ) वादळानंतर पत्रे, कौले, ताडपत्री व मेणबत्त्या यांचे भाव रातोरात चढतात; यासाठी हंगामाआधीच पुरवठादारांशी दर ठरवून तालुक्याच्या ठिकाणी साठा ठेवावा.

मागणी २ : प्रत्येक गावात खराखुरा निवारा हवा

शाळेलाच पत्र्याचे छप्पर असेल तर तिथे गेलेली माणसे घरातल्याइतकीच उघडी पडतात. म्हणून गावातील स्लॅबच्या इमारतींची अभियंत्याकडून तपासणी व्हावी आणि ‘या इमारतीत इतकी माणसे’ असा फलक तिथे लागावा. किल्ली कोणाकडे आहे, हे गावातल्या प्रत्येक घराला माहीत असावे. जिथे अशी इमारत नाही, तिथे बहुउद्देशीय निवारा बांधावा. राष्ट्रीय चक्रीवादळ जोखीम निवारण प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यात महाराष्ट्राचा समावेश होता, तेव्हा ही कल्पना शासनाला नवीन नाही.

राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या किमान मानकांनुसार मदत छावणीत माणशी ३.५ चौरस मीटर जागा, दिवसाला ३ लिटर पिण्याचे पाणी आणि ३० माणसांमागे एक शौचालय असायला हवे. आमच्या गावातील निवाऱ्याला हेच माप लावावे. बायकांसाठी वेगळी व आतून कडी लागणारी शौचालये, तान्ह्या मुलांच्या आयांसाठी आडोसा आणि चालता न येणाऱ्यांसाठी उतार हवा. जवळच गुरांसाठीही जागा हवी. दावणीची गाय मागे ठेवून शेतकरी घर सोडत नाही. गुरांची सोय झाली की माणसेही वेळेवर निघतील.

मागणी ३ : इशारा शेवटच्या घरापर्यंत, कळेल अशा भाषेत

हवामान खात्याचा अंदाज आता कित्येक दिवस आधी मिळतो, ही फार मोठी गोष्ट आहे. तो घरात पोचताना मात्र त्यातला कामाचा भाग गळतो. ‘तीन नंबरचा बावटा लागला’ म्हटले की आमचा कोळी बांधव काय ते समजतो. तशाच थेट शब्दांत गावाला सांगावे : वारा केव्हा वाढेल, भरती केव्हा आहे, घर केव्हा सोडायचे, केव्हापर्यंत परतायचे नाही. वादळाचा डोळा डोक्यावर आला की वारा पडतो, ऊनही दिसते. संपले असे समजून माणसे पत्रे गोळा करायला बाहेर पडतात आणि मग उलट्या दिशेने तितकाच वारा येतो. ही एक गोष्ट प्रत्येक इशाऱ्यात ठळकपणे सांगितली, तर जीव वाचतील.

मोबाईलचा मनोरा पडला किंवा त्याच्या जनित्राचे डिझेल संपले की सगळे मौन होते. म्हणून प्रत्येक वाडीवर बॅटरीवर चालणारा भोंगा, ग्रामपंचायतीत बिनतारी संच किंवा उपग्रह फोन आणि वादळाच्या काळात रत्नागिरी आकाशवाणीवरून ठरावीक वेळी मराठी बातमीपत्र, ही व्यवस्था असावी. मनोऱ्यांना किमान ७२ तासांचे इंधन ठेवण्याची अट कंपन्यांना घालावी. देवळातील व मशिदीतील ध्वनिक्षेपक या कामाला द्यायला गावे तयार आहेत.

मागणी ४ : वीज गेली तरी पाणी आणि औषध थांबू नये

निसर्गनंतर किनाऱ्यावरची कित्येक गावे आठवडेच्या आठवडे अंधारात होती. अंधार सोसता येतो. पाण्यावाचून आणि औषधावाचून मात्र राहता येत नाही. नळपाणी योजनेचा पंप विजेवर चालतो. घरोघरी नळ आल्यावर विहिरीवरचे रहाट काढले गेले आणि बऱ्याच विहिरी पाचोळ्याने भरल्या आहेत. छप्पर गेलेल्या घरातल्या बाईला त्या पावसात कळशी घेऊन लांबच्या विहिरीवर जावे लागले. मधुमेही माणसाचे इन्सुलिन शीतकपाटात होते आणि शीतकपाट बंद. कोणी ते ओल्या फडक्यात गुंडाळून माठाजवळच्या गारव्यात ठेवले, कोणी फेकून दिले, आणि नवे मिळवायला रस्ता मोकळा नव्हता.

यावर आमच्या मागण्या : (क) प्रत्येक नळपाणी योजनेला जनित्र किंवा सौर पंप द्यावा. (ख) गावातील एक तरी सार्वजनिक विहीर हंगामाआधी उपसून, जंतुनाशक टाकून, रहाटासह तयार ठेवावी. (ग) प्राथमिक आरोग्य केंद्रात सौर शीतकपाट ठेवून इन्सुलिन, सर्पदंशावरील लस व रक्तदाबाच्या गोळ्यांचा महिनाभराचा साठा करावा. (घ) नवव्या महिन्यातील गर्भवती व डायलिसिसवरील रुग्ण यांची यादी आशाताईंकडून घेऊन त्यांना वादळाच्या आदल्या दिवशीच रुग्णालयाजवळ हलवावे. (ङ) अलिबाग शहरात भूमिगत वीजवाहिन्यांचे काम झाले आहे; ते श्रीवर्धन व मुरूडच्या किनाऱ्यापर्यंत टप्प्याटप्प्याने आणावे.

मागणी ५ : रेशन आणि गॅस हंगामाआधी

घरात पंधरा दिवसांचा शिधा ठेवा, असे सांगणे सोपे आहे. रोजंदारीवरच्या घराला तो एका वेळी विकत घेता येत नाही. २०२५ मध्ये केंद्राने जून ते ऑगस्टचे धान्य आगाऊ देण्याची मुभा राज्यांना दिली होती. तीच सवलत किनारपट्टीला दर वर्षी मिळावी. एकच सिलिंडर असलेल्या कुटुंबांना मे महिन्यात भरणा प्राधान्याने मिळावा. शिधा भिजू नये म्हणून प्रत्येक शिधापत्रिकेमागे झाकणाचे एक पिंप द्यावे. त्यात धान्यही राहील आणि कागदही.

मागणी ६ : नुकसान होण्याआधी नोंद करावी

वादळानंतर पंचनाम्याला माणसे येतात तेव्हा घर अर्धे सावरलेले असते, कारण पावसात कोणी उघड्यावर बसून राहत नाही. सावरलेले घर पाहून नुकसान कमी लिहिले जाते. सुपारीच्या वाडीत झाडे किती होती, हे पडलेली झाडे तोडून बाजूला केल्यावर सांगता येत नाही. निसर्गनंतर शासनाने बागायतीची मदत हेक्टरी १८,००० वरून ५०,००० रुपयांवर नेली, त्याबद्दल आम्ही ऋणी आहोत. पण आमच्या वाड्या गुंठ्यांच्या आहेत. एकाच वाडीत नारळ, सुपारी, जायफळ, मिरवेल अशी पिके एकमेकांच्या आधाराने असतात आणि सातबाऱ्यावर अनेक भावांची नावे असतात. हेक्टरच्या मापात हे संसार बसत नाहीत. सुपारीचे रोप फळावर यायला सहा-सात वर्षे जातात. श्रीवर्धनी रोठा सुपारीचे एक झाड पडले की तेवढ्या वर्षांचे उत्पन्न जाते.

म्हणून दर वर्षी एप्रिलमध्ये तलाठी, कृषी सहायक व ग्रामपंचायत यांनी मिळून प्रत्येक घराचे व वाडीचे छायाचित्र, छपराचा प्रकार व झाडांची संख्या नोंदवावी आणि त्याची सही-शिक्क्याची प्रत घरमालकाला द्यावी. वादळानंतर घरमालकाने मोबाईलवर काढलेली छायाचित्रे ग्राह्य धरावीत. शिधापत्रिका, आधार, पासबुक व सातबारा यांच्या मूळ प्रती भिजल्या असल्यास मदत अडवू नये. बागायतीची भरपाई झाडामागे व झाडाच्या वयानुसार द्यावी.

मागणी ७ : झाडे, रस्ते आणि होड्या

घरावर झुकलेले नारळ-आंबे तोडण्याची किंवा छाटण्याची परवानगी हंगामाआधी आठ दिवसांत मिळावी. प्रत्येक ग्रामपंचायतीला दोन यांत्रिक करवती व त्या चालवणारी प्रशिक्षित मुले असावीत. २०२० साली रस्ते मोकळे करताना गावकऱ्यांनी कोयते-कुऱ्हाडींवर दिवस काढले. किनाऱ्यावरची सुरूची बने पुन्हा लावावीत आणि कांदळवन राखावे.

पश्चिम किनाऱ्यावर मासेमारी बंदी १ जूनला लागते, त्यामुळे मेअखेरपर्यंत होड्या पाण्यात असतात. तौक्ते मेच्या मध्यावर आले तेव्हा ही अडचण सगळ्यांनी पाहिली. होड्या वर ओढायला उतरता धक्का, ओढयंत्र व जागा प्रत्येक बंदरावर हवी आणि इशाऱ्यामुळे बुडालेल्या मासेमारीच्या दिवसांसाठी खलाशांना निर्वाहभत्ता हवा. घरात चूल पेटणार की नाही ही चिंता असलेला माणूस इशारा ऐकूनही समुद्रात जातो.

मागणी ८ : वर्षातून दोनदा सराव, दोनदा आढावा

अरबी समुद्रात वादळांचे दोन हंगाम असतात : एप्रिल ते जून आणि ऑक्टोबर ते डिसेंबर. मान्सूनपूर्व कामे मेअखेर उरकण्याच्या वेळापत्रकात तौक्ते बसत नाही आणि फयानही बसत नाही. म्हणून सर्व तयारीची मुदत पहिल्या हंगामासाठी ३० एप्रिल आणि दुसऱ्यासाठी ३० सप्टेंबर ठरवावी. प्रत्येक मुदतीआधी गावात सराव व्हावा आणि ग्रामसभेत आढावा घ्यावा.

हे करता येते, हे ओडिशाने दाखवले आहे. १९९९ च्या महाचक्रीवादळात तिथे सुमारे १० हजार माणसे गेली. त्यानंतर त्या राज्याने निवारे बांधले, गावोगावी स्वयंसेवक तयार केले, नियमित सराव घेतले. २०१९ मध्ये फनी पुरीजवळ धडकण्याआधी १२ लाखांहून अधिक लोकांना हलवण्यात आले आणि मृतांचा आकडा शंभराच्या आत राहिला. ओडिशा महाराष्ट्राहून श्रीमंत नाही. तिथे जे झाले ते इथेही होऊ शकते.

आमची जबाबदारी

मागण्या मांडताना आम्ही आमचा वाटाही लिहून देत आहोत. संघटनेचे सभासद पुढील गोष्टी आपापल्या घरी करतील आणि शेजारच्या घरी करवून घेतील :

१. ३० एप्रिलपूर्वी छपराचे हूक, वासे व आढे तपासणे. पागोळीखालचे सुटे लाकूड, पत्रे व कुंड्या आत घेणे.
२. नारळाच्या सुकलेल्या झावळ्या व पोय पाडेल्याकडून उतरवून घेणे.
३. एका पिशवीत टॉर्च, बॅटरीवरचा रेडिओ, काडेपेटी, औषधे, चष्म्याचा जोड, थोडी रोख रक्कम व प्लास्टिकमध्ये बांधलेली कागदपत्रे तयार ठेवणे.
४. इशारा मिळताच माणशी किमान तीन दिवसांचे पिण्याचे पाणी भरणे. घर सोडताना विजेचे मुख्य बटण व गॅस बंद करणे. गुरांचे दावे सोडणे.
५. पडलेल्या तारेला हात न लावणे, जनित्र बंद खोलीत न चालवणे आणि डोळा वरून जात असताना बाहेर न पडणे.
६. प्रत्येक वाडीतील एकट्या राहणाऱ्या वृद्धाला निवाऱ्यात नेण्यासाठी दोन माणसे आधीच नेमणे.
७. मुंबई-पुण्यात असलेल्या आमच्या मुलांकडून बंद घरांच्या किल्ल्या शेजाऱ्यांकडे ठेवून घेणे. स्लॅबची पुष्कळ घरे वर्षभर कुलपात असतात. वादळाच्या रात्री ती गावाला उघडावीत, असा ठराव आम्ही मुंबईकर मंडळांपुढेही ठेवत आहोत.

विनंती

आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ नुसार जिल्ह्याची आपत्ती योजना तयार करण्याची व राबवण्याची जबाबदारी आपल्या प्राधिकरणावर आहे. ग्रामपंचायत पातळीवरची घरनिहाय तयारी हा त्या योजनेचा स्वतंत्र भाग व्हावा, ही आमची मूळ विनंती आहे. मागणी १ (क), ३, ४ (ख), ६ व ८ यांना मोठा निधी लागत नाही. त्यांबाबतचे आदेश ३० दिवसांत निघावेत. निधी लागणाऱ्या मागण्यांचे प्रस्ताव ९० दिवसांत राज्य शासनाकडे जावेत. त्यासाठी महसूल, वीज, पाणीपुरवठा, आरोग्य, कृषी व मत्स्यव्यवसाय या विभागांचे अधिकारी आणि आमचे प्रतिनिधी, ज्यांत निम्म्या बायका असतील, यांची एकत्र बैठक पंधरा दिवसांच्या आत तालुक्याच्या ठिकाणी बोलवावी. घरनिहाय यादीचे काम सुरू करायला प्रत्येक गावातून आमचे स्वयंसेवक तयार आहेत; आदेश निघेल त्या दिवशी ते कामाला लागतील.

आपले विश्वासू,
अध्यक्ष, सचिव व सर्व गावप्रतिनिधी

प्रत माहितीसाठी व योग्य त्या कार्यवाहीसाठी :
१. मा. मदत व पुनर्वसन मंत्री, महाराष्ट्र राज्य
२. मा. मुख्य कार्यकारी अधिकारी, जिल्हा परिषद, रायगड
३. मा. तहसीलदार, श्रीवर्धन
४. किनारपट्टीवरील सर्व ग्रामपंचायतींचे सरपंच